क्वांटम प्रकाशाने लक्ष्य शोधणं: फायदा कुठे आहे आणि किती आहे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने विचारलं आहे: "सर, क्वांटम रडार स्टेल्थ विमानसुद्धा पकडतं असं एका व्हिडिओत पाहिलं. पण आमच्या पुस्तकात लिहिलं आहे की एंटँगलमेंट जरा धक्का लागला तरी तुटतं. मग वाटेत जे तुटलं त्याचा फायदा कसा होतो? आणि माझे बाबा रोज रात्री तुरीत जागलीला जातात. अंधारात, धुक्यात रानडुक्कर लांबूनच कळेल असं काही यातून बनवता येईल का?"

माझी वीसहून जास्त वर्षं जोडीने जन्मणाऱ्या फोटॉनसोबत गेली. गाव पुसदकडचं, आणि लहानपणी आजोबांबरोबर मीही जागलीला गेलो आहे. त्यामुळे तुझे तिन्ही प्रश्न मला आपले वाटतात. त्यातला मधला सगळ्यात चांगला आहे, सुरुवात त्याच्यापासून करतो.

आमच्या गावात संध्याकाळी गायकी गुरं घेऊन परत यायचा तेव्हा आखरावर दोन-तीनशे जनावरं एकदम यायची. धूळ, हंबरणं, घंट्यांचा गदारोळ. पण आजीला घरात बसून कळायचं की आपली कपिला आली. घंटी तिनेच बांधलेली, तिचा बारीक चिरका नाद तिच्या कानात बसलेला. जनावर दिसत नव्हतं, आवाज अर्धा विरलेला असायचा, तरी आजी चुकत नव्हती. ती ओळखत होती ती आवाजातून नाही, मनातल्या नमुन्याशी ताडून. तो नमुना घरी सुरक्षित होता.

क्वांटम प्रदीपनाची, म्हणजे तुझ्या व्हिडिओतल्या क्वांटम रडारमागची, पद्धत इथूनच सुरू होते. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर एका विशिष्ट स्फटिकातून सोडला की अगदी क्वचित एखादा फोटॉन फुटतो आणि ८१० नॅनोमीटरच्या आसपासचे दोन फोटॉन जन्मतात. वेळ, ऊर्जा, कला (लहरीची फेज) सगळ्यात ते एकमेकांशी जुळलेले असतात, साध्या प्रकाशाला जमणार नाही इतके घट्ट. याच जुळेपणाला एंटँगलमेंट म्हणतात. एकाला बाहेर पाठवायचं, लक्ष्य असेल तर त्याला आपटून तो परत येईल. दुसऱ्याला घरी ठेवायचं. परतणाऱ्या उजेडात बहुतेक सगळा बाहेरचा गोंगाट असतो, आपला फोटॉन लाखा-कोटींत एखादा. घरच्या जुळ्याशी ताडून पाहिलं की हा आपला, हा परका, हे जास्त खात्रीने सांगता येतं.

आता तुझी शंका. एंटँगलमेंट वाटेत तुटतं हे अगदी खरं आहे. परत आलेला उजेड आणि घरचा जुळा यांच्यात कणभरही एंटँगलमेंट उरलेलं नसतं, हे गणिताने सिद्ध करता येतं. तरीही फायदा उरतो. का, हे समजायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली, म्हणून इथे सावकाश जातो.

एका लहरीत, म्हणजे प्रकाशाच्या एका मोडमध्ये, सरासरी किती फोटॉन आहेत तो आकडा न धर. प्रकाश साधा असेल, दोन भागांत वाटून त्यातला एक घरी ठेवला असेल, तर त्या दोन भागांमधली कलेसकटची जुळणी जास्तीत जास्त न एवढीच असू शकते. अभिजात भौतिकशास्त्राची ती वरची मर्यादा. स्फटिकातून आलेल्या जुळ्यांमध्ये मात्र ही जुळणी न गुणिले (न अधिक १) याच्या वर्गमुळाएवढी असते. आता आकडे टाक. न १०० असेल तर साध्याची जुळणी १००, जुळ्यांची १००.५. फरक नगण्य. पण न ०.०१ असेल, म्हणजे शंभर मोडमध्ये मिळून एखादाच फोटॉन, तर साध्याची जुळणी ०.०१ आणि जुळ्यांची ०.१००५. दहापट. उजेड जेवढा मंद, तेवढं जुळेपण घट्ट.

वाटेत दोन्ही जुळण्या सारख्याच मार खातात. गोंगाट मिसळतो, बहुतेक भाग हरवतो आणि जे उरतं ते "एंटँगल्ड" म्हणवण्याच्या रेषेखाली येतं. पण सुरुवातच दहापट जास्त जुळणीने केली होती, त्यामुळे उरलेली जुळणीही साध्यापेक्षा जास्तच राहते. एंटँगलमेंट मेलं, त्याने दिलेली शिल्लक मेली नाही. पुस्तकात एंटँगलमेंटला नुसतं नाजूक म्हणून सोडून देतात, आणि ही गोष्ट तिथेच सुटते.

इथवर वाचून वाटेल की मग फायदा दहापट, शंभरपट असणार. २००८ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतल्या सेथ लॉइड यांनी ही कल्पना मांडली तेव्हा तसंच वाटलं होतं. त्यांचा हिशेब एकेका फोटॉनचा होता आणि फायदा प्रचंड दिसत होता. पुढच्याच वर्षी जेफ्री शपिरो आणि स्वतः लॉइड यांनी मिळून दाखवलं की त्या परिस्थितीत तेवढ्याच ऊर्जेचा साधा लेझर त्या पद्धतीच्या तोडीस तोड, काही ठिकाणी तिच्यापेक्षा सरस ठरतो. आपलाच निष्कर्ष इतक्या उघडपणे तपासणारी माणसं मला फार मोठी वाटतात. या विषयातली पुढची सगळी शिस्त त्यातूनच आली: तुलना करायची तर उपलब्ध सर्वोत्तम साध्या पद्धतीशी करायची, लुळ्या प्रतिस्पर्ध्याशी नाही. लेझरच्या लहरीची कला आधीच पक्की माहीत असते, त्याला घरी जुळा ठेवण्याची गरजच नसते. तोच खरा प्रतिस्पर्धी.

त्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी तुलना केली तरी फायदा उरतो, हेही २००८ मध्येच शपिरो, लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या गणिताने दाखवलं. उजेड मंद, वाटेतली तूट फार, गोंगाट फार, अशी परिस्थिती असेल तर चूक होण्याच्या शक्यतेच्या घातांकात चारपट सुधारणा. चुकीची शक्यता e च्या उणे ज्या घाताने घटते तो आकडा म्हणजे हा घातांक, तो जेवढा मोठा तेवढी चूक कमी. अभियंत्यांच्या भाषेत ६ डेसिबल. साधा लेझर शंभरात अडीच वेळा चुकत असेल, तर तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच ऊर्जेत जुळ्यांची पद्धत दहा लाखांत साधारण तीन वेळा चुकेल. ऐकायला फार मोठं वाटतं. पण तीच सुधारणा साध्या पद्धतीत उजेड चारपट केला तरी मिळते. हे वाक्य लक्षात ठेव, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

शिवाय ते पूर्ण ६ डेसिबल हातात यायला परतलेला प्रकाश आणि घरचा जुळा यांना एकत्र मोजणारं यंत्र लागतं. ते कसं बांधायचं हे सुरुवातीला कोणालाच माहीत नव्हतं. २००९ मध्ये सैकत गुहा आणि बारिस एर्कमेन यांनी त्यातल्या त्यात बांधता येण्याजोगं एक यंत्र सुचवलं, त्याने अर्धी कमाई होते, ३ डेसिबल. पूर्ण कमाई देणारी रचना कागदावर यायला २०१७ उजाडलं, आणि ती बांधायला अतिशय अवघड आहे. २०१५ मध्ये एमआयटीतल्या प्रयोगात प्रकाशावर प्रत्यक्ष मिळालेला फायदा साधारण २० टक्के होता. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथल्या गटाने सूक्ष्मलहरींवर (मायक्रोवेव्ह, रडार वापरतं त्या लहरी) सर्वोत्तम साध्या पद्धतीच्या वर सुमारे २० टक्के मिळवले, तेही सगळा खेळ अतिशीत यंत्राच्या आत ठेवून. हे दोन्ही प्रयोग मी मनापासून मानतो. मधल्या काळात सूक्ष्मलहरींचे इतरही प्रयोग गाजले. पण त्यांत दोन्ही लहरी आधी वर्धित करून वेगवेगळ्या नोंदवल्या होत्या आणि तुलना सर्वोत्तम साध्या पद्धतीशी नाही, तर साध्या गोंगाट-रडारशी (यादृच्छिक लहरी पाठवून त्यांच्या नोंदीशी ताडणारं रडार) होती, म्हणून त्यांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता सूक्ष्मलहरी का आणि प्रकाश का नाही? कारण ही पद्धत गोंगाटात चमकते. ३०० केल्विनला १० गिगाहर्ट्झच्या प्रत्येक मोडमध्ये उष्णतेचे साधारण ६२५ फोटॉन आपोआप असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेला, म्हणजे ३२० केल्विन, की ६६७. भरपूर गोंगाट, हवा तसा. पण त्याच तापमानाला १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात उष्णतेचा गोंगाट शून्यवत असतो. म्हणजे जिथे जुळे बनवणं सोपं, खोलीतल्या टेबलावर स्फटिक ठेवून जमतं, तिथे हवा तो गोंगाट नाही. आणि जिथे गोंगाट आहे तिथे जुळे बनवायला यंत्र अर्ध्या केल्विनच्याही बरंच खाली, म्हणजे मिलिकेल्विनमध्ये न्यावं लागतं, नाहीतर जन्मतःच जुळे त्या ६२५ परक्यांत हरवतात. हा पेच निसर्गाने घातलेला आहे, हुशारीने तो थोडा सैल होतो, सुटत नाही.

स्टेल्थ विमानाचा हिशेब आता तूच करून बघ. वही घे. १० गिगाहर्ट्झ, बँडविड्थ उदारपणे १ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० कोटी मोड. प्रत्येकात ०.०१ फोटॉन, कारण त्याहून फार वाढवलं तर जुळेपणाचा फायदा विरघळतो. म्हणजे सेकंदाला एक कोटी फोटॉन. एका फोटॉनची ऊर्जा ६.६ गुणिले १० चा उणे २४ वा घात ज्यूल. गुणाकार केला की प्रक्षेपित शक्ती येते ६.६ गुणिले १० चा उणे १७ वा घात वॅट. विमानतळावरचं रडार किलोवॅटच्या भाषेत बोलतं.

पुढे. काही दहा किलोमीटर लांबच्या साध्या विमानावरून परत येणारा भाग एकावर पंधरा शून्ये एवढ्यांत एक धरू. हाही उदार आकडा आहे, स्टेल्थचा याहून कितीतरी कमी. एक कोटीला त्याने गुणून ६२५ ने भागलं की घातांक सेकंदाला १.६ गुणिले १० चा उणे ११ वा घात एवढा वाढतो. खात्रीने हो किंवा नाही म्हणायला घातांक १० च्या आसपास हवा. म्हणजे सुमारे २०,००० वर्षं. हे गणित मी एकदा विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर केलं तेव्हा वर्ग शांत झाला होता. पाच ओळींचं गणित आहे, आणि क्वांटम रडारबद्दलचा कुठलाही दावा आधी या पाच ओळींतून गेला पाहिजे. २०१६ मध्ये चीनमधून १०० किलोमीटरवरचं लक्ष्य क्वांटम रडारने पकडल्याची घोषणा झाली, तुझ्या व्हिडिओचं मूळ बहुधा त्यातच असेल. मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं कारण देशांचं भांडण नाही, हा हिशेब आहे.

समजा शक्तीचा प्रश्न कोणी सोडवला, तरी चारपटीने काय मिळतं? रडारला परत येणारा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. चारपट संवेदनशीलता म्हणजे पल्ला १.४१ पट. ३० किलोमीटरचा ४२ झाला. तेवढ्यासाठी अँटेनाखाली मिलिकेल्विनचं शीतयंत्र.

आणखी एक अडचण आहे, ती बाहेर कोणी फारशी बोलत नाही, पण टेबलावर काम करणाऱ्याला रोज छळते. लक्ष्य किती अंतरावर आहे हे आधी माहीत नसेल तर घरचा जुळा नेमका किती वेळ थांबवून ठेवायचा? साधं रडार परतलेलं सगळं नोंदवून ठेवतं आणि मग प्रत्येक अंतरासाठी संगणकावर ताडून बघतं. जुळ्याला असं करता येत नाही. परतलेल्या लहरीबरोबर त्याला एकत्र मोजलं की तो संपला. म्हणजे एका वेळी एकच अंतर तपासायचं. शिवाय थांबवायचं कशात? प्रकाशासाठी फायबरचं वेटोळं वापरतात. फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो आणि ०.२ डेसिबल गमावतो. सर्वोत्तम यंत्राची सगळी कमाई ६ डेसिबल, ती ३० किलोमीटर फायबरमध्येच खर्च होते. तेवढ्या वेळात बाहेरचा प्रकाश जाऊन-येऊन ४५ किलोमीटर जातो. म्हणजे लक्ष्य साडेबावीस किलोमीटरवर असेल तर फायदा शून्य. गुहा-एर्कमेन यांच्या यंत्राने सव्वाअकरा किलोमीटरवरच शून्य.

माझ्या एका प्रयोगात असंच फायबरचं वेटोळं होतं आणि दुपारनंतर जुळणी हळूहळू गायब व्हायची. तीन आठवडे आम्ही स्फटिकाला, लेझरला, मोजणीच्या यंत्राला दोष देत होतो. शेवटी कळलं की दुपारी खोली दीड अंशाने तापते, फायबर लांबतं आणि कला सरकते. आजी कपिलाला ओळखायची ते घंटीचा नाद मनात पक्का होता म्हणून. इथे घरी जपलेला नमुनाच दुपारी बदलत होता.

मग क्वांटम प्रकाश निरुपयोगी आहे का? अजिबात नाही, आणि हे मी ठासून सांगतो. तो कुठे कामाचा आहे ते वरच्या हिशेबातूनच निघतं: जिथे उजेड आणखी वाढवता येत नाही आणि वाटेतली तूट फार कमी आहे, तिथे. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत चार-चार किलोमीटरच्या भुजा आहेत. तिथे शक्ती वाढवत गेलं की आरसे तापतात आणि प्रकाशाच्या दाबानेच हलतात. म्हणून २०१९ पासून त्यांच्या निरीक्षणांत दाबलेला प्रकाश वापरतात, ज्यात क्वांटम अनिश्चितता एका बाजूने पिळून कमी केलेली असते. त्याने लहरी सापडण्याचा दर ४० ते ५० टक्क्यांनी वाढला. तिसरी अशी वेधशाळा आपल्याकडे येते आहे, २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेली, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. पैनगंगा ओलांडली की तुमच्या शेजारचा जिल्हा. त्याच वर्षी मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तुला या क्षेत्रात यायचं असेल तर ही दोन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिही. जिवंत पेशींचंही तसंच आहे, जास्त उजेड टाकला की पेशी भाजते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या गटाने क्वांटम प्रकाश वापरून सूक्ष्मदर्शकाची स्पष्टता ३५ टक्क्यांनी वाढवली, पेशीला इजा न करता.

आता रानडुक्कर. पन्नास मीटरवरचं डुक्कर, ठीकठाक अँटेना, वरचंच जुळ्यांचं यंत्र. परतणारा भाग २८० कोटींत एक एवढा येतो. घातांक १० व्हायला जवळपास वीस दिवस लागतात, आणि तेवढे दिवस डुकराने जागचं हलायचं नाही. म्हणजे हा रस्ता बंद. पण बाबांचा प्रश्न सुटण्याजोगा आहे. १०.५२५ गिगाहर्ट्झचं डॉप्लर मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, थोड्याच पैशांत. ते १० मिलिवॅटच्या घरात शक्ती फेकतं, आपल्या जुळ्यांच्या सुमारे दीडशे लाख कोटी पट. सेकंदाला एक मीटर वेगाने समोरून येणाऱ्या जनावराने त्याच्या लहरीत ७० हर्ट्झचा फरक पडतो, तो वर्धित करून मायक्रोकंट्रोलरने ओळखता येतो. एका मॉड्यूलचा पल्ला पंधरा-वीस मीटर धर. म्हणून सगळ्या धुऱ्यावर लावत बसू नकोस, डुकरं आणि रोही नेहमी ज्या पांदीतून, नाल्यातून वावरात शिरतात तिथे दोन-तीन लाव आणि घंटा बाबांच्या मचाणावर वाजू दे. वाऱ्याने हलणारी तूर खोटे इशारे देईल, पण झाड एका जागी पुढेमागे हलतं आणि जनावर एका दिशेने चालत राहतं. मॉड्यूलमधून दोन कलांचे संकेत निघत असतील तर हा फरक काढता येतो. धुऱ्याच्या तारेत घरची वीज मात्र कुणी सोडत असेल तर त्याला हात जोडून थांबव. त्याने डुकरांआधी माणसं मरतात, आणि जागलीला जाणारा माणूसच अंधारात त्या तारेवर पडतो.

आणि जुळ्याची कल्पना हाताने अनुभवायची असेल तर त्याला स्फटिक लागत नाही. आवाजाने कर. लॅपटॉपवर पायथनमध्ये दहा सेकंदांचा निव्वळ यादृच्छिक खरखराट बनव आणि फाईल जपून ठेव, तो तुझा घरचा जुळा. शाळेच्या नाहीतर जिनिंगच्या मोठ्या भिंतीपासून ३४ मीटरवर उभी राहा. तोच खरखराट स्पीकरवर हळू वाजव आणि त्याच लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण कर, शक्यतो जवळपास थ्रेशर चालू असताना. मुद्रित आवाज ऐकशील तर प्रतिध्वनी असा काही कानाला लागणार नाही. मग जपलेली फाईल मुद्रित आवाजावर एकेक नमुना सरकवत ताडून बघ. पहिलं शिखर येईल ते स्पीकरमधून सरळ माईकमध्ये आलेल्या आवाजाचं. त्यानंतर ०.२ सेकंदाने, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने ८,८२० व्या नमुन्याच्या आसपास, एक बारीक दुसरं शिखर उभं राहील. ती भिंत. मग आवाज निम्मा कर, पुन्हा निम्मा कर, आणि किती निमे केल्यावर ते शिखर गोंगाटात बुडतं तो आकडा मला कळव.